एका शहराच्या प्रेमकथा आणि शहराबाहेर उरलेले अर्धे : 'मॉडर्न लव्ह मुंबई'ची समीक्षा

प्रस्तावना

निरनिराळ्या दिग्दर्शकांनी स्वतंत्रपणे केलेले लघुचित्रपट एका शीर्षकाखाली एकत्र आणण्याची पद्धत चित्रपटसृष्टीत बरीच जुनी आहे. व्यवसायाच्या भाषेत अशा कृतीस 'अँथॉलॉजी' म्हटले जाते. मराठी वाचकाला हा प्रकार नवा वाटण्याचे कारण नाही. एका मुखपृष्ठाआड अनेक हातांचे लेखन, संपादकाने लावलेला क्रम आणि वाचकाने मनोमन केलेली तुलना हा अनुभव दिवाळी अंकाने त्याला शतकभर दिलेला आहे. मात्र दिवाळी अंकातील कथांना एकाच गावात घडण्याचे बंधन नसते. एका शहरातील प्रेमकथा सांगणारी अँथॉलॉजी हे बंधन आपणहून पत्करते आणि 'या कथा याच शहरात घडू शकतात' असा दावा करते. हा दावा कितपत खरा ठरतो, यावर अशा कृतीचे मूल्य ठरवावे लागते.

मे २०२२ मध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर प्रदर्शित झालेली 'मॉडर्न लव्ह मुंबई' ही सहा कथांची मालिका या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. शोनाली बोस, हंसल मेहता, विशाल भारद्वाज, अलंकृता श्रीवास्तव, ध्रुव सेहगल आणि नूपुर अस्थाना या सहा दिग्दर्शकांनी प्रत्येकी एक कथा सांगितली आहे. तांत्रिकदृष्ट्या ही मालिका असली, तरी प्रत्येक भाग स्वयंपूर्ण लघुचित्रपट असल्याने तिचा विचार अँथॉलॉजी चित्रपट म्हणूनच करणे योग्य होय. प्रस्तुत लेखात तिच्या गुणदोषांची चर्चा करताना एक प्रश्न मध्यवर्ती मानला आहे : मुंबईच्या प्रेमकथा मुंबईच्या हद्दीत मावतात काय?

पॅरिसचा नमुना

या प्रकाराचा अलीकडचा आदर्श म्हणजे २००६ मधील 'पॅरिस, ज तेम' हा चित्रपट. पॅरिस शहराचे २० प्रशासकीय विभाग आहेत; प्रत्येक विभागाची एक कथा अशी मूळ योजना होती आणि प्रत्यक्षात १८ लघुचित्रपटांचा समावेश झाला. प्रत्येकाला सरासरी पाच-सहा मिनिटे एवढाच अवधी मिळाला. पुढे 'न्यूयॉर्क, आय लव्ह यू' हा त्याच धर्तीचा चित्रपट आला. त्यात मीरा नायर यांनी एक जैन हिरे व्यापारी आणि विवाहाच्या उंबरठ्यावरील एक ज्यू तरुणी यांच्यातील क्षणिक जवळीक रंगवली. व्यापाऱ्याच्या भूमिकेत इरफान खान होते. रिओ, बर्लिन अशी नावे या मालेत पुढे जोडली जात राहिली. शहराची जाहिरात करणारी पर्यटनपत्रिका होण्याचा धोका या साऱ्याच चित्रपटांना होता आणि त्यांतील काही भाग त्याला बळीही पडले.

तरीही पॅरिसच्या चित्रपटातील एक कथा या प्रकाराचे सामर्थ्य पुरेसे सिद्ध करते. वॉल्टर सालेस आणि डॅनिएला थॉमस यांनी केलेल्या या भागाच्या शीर्षकाचा अर्थ 'सोळाव्या विभागापासून दूर' असा होतो. एक तरुण स्थलांतरित आई पहाटेच्या अंधारात आपले तान्हे बाळ पाळणाघरात ठेवते. ते रडू लागते तेव्हा त्याला अंगाई गाऊन शांत करते. मग एकामागून एक वाहने बदलत ती शहराच्या श्रीमंत टोकाला पोहोचते. तिथे तिचे काम दुसऱ्या बाईचे बाळ सांभाळण्याचे असते. ते बाळ रडू लागते आणि ती तीच अंगाई गाते. फक्त या वेळी तिची नजर खिडकीकडे असते. कथा एवढीच. संवाद नाममात्र आहेत, शहराची एकही प्रसिद्ध वास्तू दिसत नाही, आणि तरीही पॅरिसविषयी या कथेने जे सांगितले ते अन्य कथांना सांगता आलेले नाही. दोन पाळण्यांमधील अंतर हाच तिचा विषय आहे. प्रेम कुणावर करायचे हे त्या स्त्रीच्या हाती आहे. ते दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कुठे करायचे हे मात्र शहर ठरवते. प्रेमकथेत शहर केव्हा येते, याचे उत्तर इथे सापडते. प्रेमिकांना काय करता येईल आणि काय करता येणार नाही हे जेव्हा जागा, अंतर आणि वेळ ठरवू लागतात, तेव्हा शहर कथेत शिरते. समुद्रकिनाऱ्याचे विहंगम दृश्य त्यासाठी पुरत नाही.

परक्या पत्रांची मुंबई

'मॉडर्न लव्ह मुंबई'च्या कथांचे बीज मुंबईचे नाही, ही बाब सुरुवातीसच नोंदवणे आवश्यक आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्रात २००४ पासून वाचकांच्या प्रेमानुभवांचे एक सदर चालते. त्या सदरातील लेखांवर २०१९ मध्ये अमेरिकेत मालिका झाली आणि तिच्या यशातून मुंबई, हैदराबाद व चेन्नई या शहरांच्या आवृत्त्या निघाल्या. म्हणजेच दुसऱ्या देशात, दुसऱ्या कुटुंबव्यवस्थेत लिहिल्या गेलेल्या अनुभवांना मुंबईचा पत्ता देण्याचे काम या सहा दिग्दर्शकांकडे होते. रूपांतर ही गोष्ट मराठी रंगभूमीला परकी नाही. 'झुंजारराव'च्या काळापासून परकीय कथानकांना इथल्या मातीत रुजवण्याची कला तिने अवगत केली आहे. प्रश्न रूपांतराचा नसून मुळे धरण्याचा आहे.

शोनाली बोस यांची 'रात रानी' ही कथा या कसोटीवर बऱ्याच अंशी उतरते. काश्मीरहून आलेली, घरकाम करून जगणारी लाली आणि तिचा नवरा लुत्फी यांचा संसार एका झोपडीवजा घरात चालला आहे. एके दिवशी नवरा तिला सोडून जातो. मूळ अनुभवातील एकटेपण इथे तसेच आहे. परंतु लालीला त्या एकटेपणाचा विचार करण्याचीही फुरसत नाही, कारण घर उभे ठेवायचे आहे आणि कामावर वेळेत पोहोचायचे आहे. उड्डाणपुलाची चढण या कथेच्या केंद्रस्थानी आहे. सायकलवरून तो चढ पार करणे ही तिच्यासाठी श्वासाची, पायांची आणि अखेर स्वत्वाची परीक्षा बनते. मोटारींसाठी बांधलेल्या पुलावर सायकल घेऊन निघालेली बाई ही प्रतिमा मुंबईची आहे, यात शंका नाही. फातिमा सना शेख यांचा अभिनय काही ठिकाणी गरजेपेक्षा बोलका होतो. शेवटाकडे कथा आपल्याच आशावादावर थोडी अधिक खूष होते, हेही खरे. परंतु शहराची चढण नायिकेच्या शरीरात उतरवण्याचे काम दिग्दर्शिकेने साधले आहे.

विशाल भारद्वाज यांची 'मुंबई ड्रॅगन' ही सहांतील सर्वांत समृद्ध कथा म्हणावी लागेल. मुंबईत वाढलेल्या चिनी वंशाच्या कुटुंबातील सुई ही विधवा आई आणि गायक होऊ पाहणारा तिचा मुलगा मिंग यांची ही गोष्ट. मिंग एका शाकाहारी गुजराती मुलीच्या प्रेमात पडतो, आणि आईच्या मते हे संकट सुनेचे नसून स्वयंपाकघराचे असते. ती डबे भरभरून पाठवत राहते. मलेशियन अभिनेत्री यो यान यान यांनी ही आई विलक्षण ताकदीने उभी केली आहे. प्रियकर, प्रेयसी आणि मध्ये उभी आई हा त्रिकोण मराठी घरालाही नवा नाही. परंतु इथे आईची माया आणि तिची भाषा यांना वेगळे करता येत नाही. मुलगा आपल्या भाषेत बोलत नाहीसा झाला की आपण या शहरात खरोखर एकटे पडलो, ही तिची भीती आहे. शहरात आलेल्या प्रत्येक जमातीच्या पहिल्या पिढीला ती ओळखीची वाटेल. परके बीज इथे पूर्णपणे विसरले जाते, हे या भागाचे यश.

हंसल मेहता यांची 'बाई' ही कथा समलिंगी गायक मंझू, त्याचा जोडीदार आणि त्याची आजी यांच्याभोवती फिरते. मराठी पदनामासारखे वाटणारे 'बाई' हे शीर्षक या मुस्लिम कुटुंबातील आजीचे संबोधन आहे आणि ती भूमिका तनुजा यांनी केली आहे. १९९२-९३ च्या दंगलींची आठवण कथेच्या मुळाशी आहे. जमावासमोर न डगमगलेल्या आजीला नातू आपले प्रेम सांगू शकत नाही, हा विरोधाभास प्रभावी ठरू शकला असता. परंतु दंगल आणि प्रेमकबुली हे दोन स्वतंत्र चित्रपट एकत्र शिवल्यासारखे वाटतात आणि टाके दिसत राहतात. (याच दिग्दर्शकाने २०१६ मध्ये 'अलीगढ' या चित्रपटात मराठीचे प्राध्यापक रामचंद्र सिरस यांचे एकाकीपण ज्या संयमाने दाखवले, त्याची आठवण इथे टाळता येत नाही. कविता हाच ज्याचा एकांत होता, अशा त्या प्राध्यापकाची खोली 'बाई'मधील साऱ्या आलिशान घरांपेक्षा अधिक काळ स्मरणात राहते.)

अलंकृता श्रीवास्तव यांच्या 'माय ब्युटिफुल रिंकल्स'विषयी फार लिहिण्यासारखे नाही. उतारवयातील स्त्री आणि तरुण पुरुष यांच्यातील आकर्षणाचा विषय धाडसी आहे, सारिका यांची उपस्थितीही प्रतिष्ठित आहे. मात्र ही कथा दिल्लीत, बंगळुरात वा अन्य कोणत्याही महानगरात एकही वाक्य न बदलता घडू शकते.

ध्रुव सेहगल यांच्या 'आय लव्ह ठाणे'चे शीर्षक हाच तिचा विनोद आहे. मुंबईतील विशिष्ट वर्गाच्या मनात ठाणे हे शहराबाहेरचे ठिकाण आहे. तिथे प्रेम सापडणे म्हणजे थट्टेचा विषय. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच पोहोचली होती, याची आठवण त्या वर्गाला नसावी. उद्यानरचनाकार सायबा समाजमाध्यमांवरील ओळखींना कंटाळलेली आहे. कामाच्या निमित्ताने ती ठाण्यात येते आणि समाजमाध्यमांपासून दूर राहणाऱ्या पार्थशी तिची ओळख होते. हळूहळू, काहीही मोठे न घडता, ती त्याच्यात गुंतते. मसाबा गुप्ता आणि ऋत्विक भौमिक यांचा सहज वावर कथेला गोडवा देतो. तरीही कथा ठाण्याकडे पाहते ती मुंबईच्या नजरेने. ठाण्यातून मुंबई कशी दिसते, हा प्रश्न तिला पडत नाही. आणि ठाण्याचे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या घर आहे ते पार्श्वभूमीत राहतात.

भाषेचा प्रश्न

या ठिकाणी भाषेचा मुद्दा उपस्थित होतो. जुलै २०२२ मध्ये आलेली 'मॉडर्न लव्ह हैदराबाद' तेलुगूमध्ये आहे. मे २०२३ मध्ये आलेली 'मॉडर्न लव्ह चेन्नई' तमिळमध्ये आहे. मुंबईची आवृत्ती मात्र प्रामुख्याने हिंदीत आहे. मराठी अधूनमधून कानावर पडते, पण सहांपैकी एकही कथा मुख्यतः मराठीत घडत नाही.

हा मुद्दा अस्मितेचा म्हणून मांडला की त्याची धार बोथट होते. मुंबई बहुभाषिक आहे, तिची स्वतःची एक हिंदी आहे, ती हिंदी मराठीच्याच अंगणात वाढली आहे, आणि चिनी आई, काश्मिरी कामकरीण यांच्या तोंडी मराठी घालणे हास्यास्पद ठरले असते. हे सर्व मान्य करावे लागते. प्रश्न कलात्मक आहे. प्रेमकथेत भाषा ही माहिती देण्याचे साधन नसते. कोणत्या भाषेत रागवायचे, कोणत्या भाषेत माघार घ्यायची आणि कोणत्या भाषेत गप्प बसायचे यावरून दोन माणसांमधील अंतर कळते. 'मुंबई ड्रॅगन' यशस्वी होते ते याच कारणाने. म्हणजे भाषेचे मोल मालिकेला ठाऊक आहे. फक्त शहराच्या ज्या भाषेत गिरणगावाने दीड शतक संसार केला, त्या भाषेतील प्रेम तिला सुचलेले नाही. हिंदी चित्रपटातील मुंबईकर मराठी माणूस बहुधा इतरांच्या प्रेमाची वाहतूक करतो. 'द लंचबॉक्स' (२०१३) या सुंदर चित्रपटात दोन अनोळखी जिवांची पत्रे डबेवाल्यांच्या हातून जातात. त्या डबेवाल्यांच्या स्वतःच्या पत्रांविषयी मात्र चित्रपट काही विचारत नाही.

स्थानकावरची वाट पाहणे

नूपुर अस्थाना यांची 'कटिंग चाय' ही या संचातील शेवटची कथा. अर्धवट कादंबरीत अडकलेली लेखिका लतिका रेल्वे स्थानकावर नवऱ्याची वाट पाहते. डॅनियल नेहमीप्रमाणे उशीर करतो. त्या वेळात ती आपल्या लग्नाचा हिशेब मांडते. दुसऱ्या वाटेने गेलो असतो तर काय झाले असते, याची कल्पना करते. चित्रांगदा सिंग आणि अर्शद वारसी यांनी मुरलेल्या संसारातील चिडचिड आणि सवय नेमकी पकडली आहे. तो येतो, आणि कथा संपते.

मुंबईच्या स्थानकावर वाट पाहण्याची एक दुसरी कथा ४४ वर्षांपूर्वी सांगून झाली होती. मुझफ्फर अली यांच्या 'गमन' (१९७८) या चित्रपटात उत्तर प्रदेशातील गुलाम हसन रोजगारासाठी मुंबईला येऊन टॅक्सी चालवतो. पत्नी खैरुन गावी सासूसह राहते. फारूख शेख आणि स्मिता पाटील हे नायक-नायिका असूनही चित्रपटाच्या मोठ्या भागात ते एकत्र दिसत नाहीत. प्रेम पत्रांतून आणि मनीऑर्डरीतून चालते. अखेरीस गुलाम स्थानकावर उभा असतो, परतीच्या भाड्याचा आणि उरणाऱ्या पैशांचा हिशेब मनात चालू असतो, आणि तो गाडीत बसत नाही. लतिकाची प्रतीक्षा तासाभराची आहे. गुलामची किती वर्षांची, हे चित्रपट सांगत नाही.

'गमन' ही मुंबईची प्रेमकथा आहे काय? 'एका शहरातील प्रेमकथा' या चौकटीत ती बसणार नाही, कारण तिची नायिका त्या शहरात राहतच नाही. मालिकेची खरी मर्यादा इथे आढळते. दोन्ही प्रेमिक शहराच्या हद्दीत राहतात, हे या प्रकाराने गृहीत धरले आहे. न्यूयॉर्कच्या वाचकांनी लिहिलेल्या अनुभवांसाठी ते गृहीतक योग्य असेल. मुंबई मात्र ज्यांच्या श्रमावर उभी राहिली, त्यांच्यापैकी असंख्यांचे प्रेम शहराबाहेर होते. गिरण्यांमधील कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत, आणि त्यांच्या बायका कोकणात वा घाटावर शेत आणि म्हातारी माणसे सांभाळत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपाने केवळ कारखानेच बंद झाले नाहीत, तर गाव आणि शहर यांच्यामध्ये ताणलेले अगणित संसारही एका बाजूस कोसळले.

मराठीने ही प्रेमकथा फार पूर्वीच ओळखली होती. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड मुंबईला आलेल्या आणि गावी प्रियेला ठेवून आलेल्या माणसाचे विरहगीत आहे. तिचे वैशिष्ट्य असे की विरहाचा तोच धागा पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशी जोडला जातो; सीमाभागाची ताटातूट प्रियेच्या ताटातुटीच्या भाषेत बोलली जाते. वाटेगावहून मुंबईत आलेल्या या शाहिराला शहराचे वर्णन करण्यासाठी शहराबाहेरची स्त्री आवश्यक वाटली, ही समीक्षकांनी गांभीर्याने घेण्याजोगी गोष्ट आहे. मुंबईची रेल्वे, तिचा झगमगाट, तिची गरिबी हे सारे त्या गीतात येते ते मागे राहिलेल्या एका चेहऱ्याच्या पार्श्वभूमीवर.

इथून पाहताना

मोताळा हे मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरील तालुक्याचे गाव. मुंबईला जायचे तर मलकापूरला गाडी पकडायची, आणि भुसावळ, मनमाड, इगतपुरी मागे टाकत रात्र काढायची. अशा गावातील महाविद्यालयाचा विद्यार्थी मुंबईच्या प्रेमकथा पाहतो तो चित्रपटगृहात नव्हे, तर हातातील भ्रमणध्वनीवर, बहुधा एकटा. त्याच्या दृष्टीने मुंबई वा पुणे हे शहर उद्याच्या नोकरीचे नाव असते. समुद्राकाठच्या घरातील प्रेमभंग त्याला परका वाटत नाही. परकेपणाची सवय पडद्याने त्याला लहानपणापासून लावली आहे. त्याला परकी न वाटणारी गोष्ट पडद्यावर येत नाही, हे अधिक चिंताजनक आहे. एक माणूस शहरात आणि दुसरे गावी, मध्ये रिचार्ज संपत आलेला फोन, सणाला सुट्टी मिळेल की नाही याची अनिश्चितता, शहरात खोली मिळेपर्यंत पुढे ढकललेले लग्न : ही आजच्या मुंबईची प्रेमकथा आहे, पण तिचा अर्धा भाग मुंबईत चित्रित करता येणार नाही.

मराठी चित्रपटाला हा प्रकार अवघड नाही, याचा पुरावा उपलब्ध आहे. २०१५ मधील 'बायोस्कोप' या चित्रपटात गजेंद्र अहिरे, विजू माने, गिरीश मोहिते आणि रवी जाधव यांनी चार कवितांच्या आधारे चार लघुचित्रपट एकत्र आणले. त्यांतील रवी जाधव यांच्या 'मित्रा'ने विजय तेंडुलकरांच्या कथेवरून एका स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम स्वातंत्र्याच्या सुमाराच्या काळात नेऊन दाखवले आणि सर्वोत्कृष्ट लघुकथापटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. याच संचात लोकनाथ यशवंत यांच्या कवितेवरील 'बैल' ही शेतकऱ्याची व्यथाही आहे. शहर, खेडे, भूतकाळ आणि वर्तमान यांना 'बायोस्कोप'ने कवितेच्या धाग्यात ओवले. एकाच नगराच्या नकाशाची त्याला आवश्यकता भासली नाही. मराठीत मुंबईच्या प्रेमकथांचा असा संच कुणी योजला, तर त्यातील किमान एक कथा मलकापूरसारख्या स्थानकाच्या फलाटावर सुरू करावी लागेल. आणि गाडी सुटल्यानंतर कॅमेरा गाडीसोबत न जाता फलाटावर थांबवावा लागेल.